छायाचित्र-मंडळ आणि त्याच्या स्पर्धा

महिन्यांतील एका ठराविक संध्याकाळीं एकाद्या शाळेच्या किंवा वाचनालयाच्या सभागृहांत वीस-पंचवीस माणसें जमतात. एका टोकाला चित्र टेकविण्याची लांकडी घोडी उभी केलेली असते, तिच्यावर दिव्याचा झोत सोडलेला असतो, आणि त्या झोतांत एकामागून एक छायाचित्र आणून ठेवलें जातें. कर्त्याचें नांव चित्राच्या पाठीवर. पुढें नुसता अनुक्रमांक. परीक्षक पुढें वांकून पाहतात, मागें रेलून पाहतात, चष्मा पुसून पुन्हां पाहतात. चित्र कोणाचें हें सभागृहांत एका कर्त्यालाच पक्कें ठाऊक असतें, आणि तो बहुधा त्या वेळीं खिडकीबाहेर पाहत असतो. त्याच्या पंधरा दिवसांच्या खटपटीचा निकाल अर्ध्या मिनिटांत लागावयाचा असतो. अलीकडे पुष्कळ ठिकाणीं घोडीची जागा पांढऱ्या पडद्यानें आणि प्रोजेक्टरनें घेतली आहे, कांहीं ठिकाणीं चित्रें आगाऊ संगणकावरून परीक्षकांकडे जातात; खिडकीबाहेर पाहणारा सभासद मात्र अजून तसाच आहे.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतें कीं हा सारा खटाटोप चांदीच्या मुलाम्याच्या एका पेल्यासाठीं चालला आहे. आंत बसणाऱ्यांपैकींहि कित्येकांना तसेंच वाटतें, आणि मंडळांचें जें नुकसान होतें तें येथूनच सुरू होतें. पेला हें निमित्त आहे. चित्रासमोर उच्चारला जाणारा स्पष्ट शब्द ही मंडळाची खरी कमाई आहे. हौशी छायाचित्रकाराला घरचीं माणसें 'छान आहे' म्हणतात, मित्र 'छान आहे' म्हणतात, आणि आतां फोनच्या पडद्यावर तर शेंकडों अनोळखी माणसेंहि क्षणार्धांत अंगठा उंचावून तेंच म्हणतात. 'हें चित्र डाव्या बाजूनें अर्धा इंच कापलें असतें तर बरें झालें असतें' असें सांगणारा मनुष्य त्याला मंडळांतच भेटतो.

या मंडळांचा आपल्या देशांतील इतिहास मुंबईपासून सुरू होतो. छायाचित्रणाची कृति १९ ऑगस्ट १८३९ रोजीं पॅरिसमध्यें जाहीर झाली. लंडनची संस्था १८५३ सालीं निघाली, आणि दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे ऑक्टोबर १८५४ मध्यें, मुंबईंत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रास येथील संस्था त्यानंतरच्या, १८५६ सालच्या. मुंबईच्या संस्थेचे आद्य प्रवर्तक कॅप्टन हॅरी बार हे लष्करी गृहस्थ होते. संस्थेनें १८५५ सालीं स्वतःचें नियतकालिकहि सुरू केलें, यावरून सभासदांना एकमेकांस सांगण्यासारखें किती होतें हें ध्यानांत येईल.

सांगण्यासारखें पुष्कळ असणें स्वाभाविकच होतें. त्या काळीं एकट्या माणसानें छायाचित्रण करणें जवळजवळ अशक्य होतें. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें १८५१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ओल्या कलोडियनच्या रीतींत कांचेवर चिकट द्रव सारखा पसरावयाचा, ती कांच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावयाची, आणि वाळण्याच्या आंत काळोखांत नेऊन चित्र उमटवावयाचें, असा क्रम असे. लंडनच्या धुक्यांत या कामास थोडी उसंत मिळे. मुंबईच्या वैशाखांत कांच पाहतां पाहतां वाळून जाई. कोणतें रसायन उष्ण हवेंत टिकतें, पावसाळ्यांत कागद कसा जपावा, पाणी कोणत्या विहिरीचें घ्यावें, या गोष्टी विलायती पुस्तकांतून कळण्यासारख्या नव्हत्या. त्या शेजारच्या सभासदाला विचाराव्या लागत, आणि त्यानें त्या लपवून न ठेवतां सांगाव्या लागत. मंडळाचा पाया घातला गेला तो अशा देवघेवीवर. बक्षिसें मागाहून आलीं.

या मंडळांत गोऱ्या अधिकाऱ्यांच्या जोडीला एतद्देशीय सभासदहि होते, आणि त्यांत दोन नांवें मराठी वाचकांच्या ओळखीचीं आहेत. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांना पुराणवस्तुसंशोधक आणि वैद्य म्हणून सर्व जण जाणतात. त्यांचे धाकटे बंधु डॉक्टर नारायण दाजी हे त्या काळचे निष्णात छायाचित्रकार होते, हें मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. दोघेहि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयांतून तयार झालेले. औषधांचीं मापें आणि द्रावणांचें प्रमाण ज्याच्या बोटांत बसलेलें आहे अशा वैद्याला त्या काळच्या छायाचित्रणाची भीति वाटण्याचें कारण नव्हतें. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्येंहि त्याच सुमारास छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्या वर्गांत शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनीं पुढें मुंबईंत हाच धंदा केला.

त्या मंडळींपैकीं विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनीं १८५६ ते १८५८ या काळांत 'इंडियन ॲमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' या नांवाची चित्रमाला मासिक रूपानें काढली. तिच्या अंकांत खरीं छायाचित्रें एकेक करून डकविलेलीं असत. मुंबईच्या रस्त्यांवर दिसणारे निरनिराळ्या जातींचे आणि धंद्यांचे लोक तिच्यांत उभे आहेत. जॉन्सन यानें यांतील कांहीं चित्रें पुढें १८६३ आणि १८६६ सालच्या आपल्या दोन खंडांच्या ग्रंथांत घेतलीं, तेव्हां त्यानें एक चलाखी केली: माणसें एका ठिकाणीं टिपलेलीं, आणि त्यांच्या मागचा देखावा दुसऱ्याच छायाचित्रांतून आणून जोडलेला. चित्रांत जोडकाम कितपत चालावें, हा आजच्या स्पर्धांत गाजणारा वाद मुंबईला किती जुना आहे हें यावरून दिसतें. त्या वादाकडे पुढें वळावयाचें आहेच.

त्याआधीं कलकत्त्याची एक हकीकत सांगितली पाहिजे, कारण मंडळ म्हटलें कीं सभासद कोण हा प्रश्न येतोच. राजेंद्रलाल मित्र हे बंगालचे थोर पुरातत्त्वज्ञ कलकत्त्याच्या छायाचित्र-मंडळाचे पदाधिकारी होते. १८५७ सालीं तेथील टाउन हॉलमध्यें भरलेल्या एका सभेंत त्यांनीं निळीच्या मळेवाल्या युरोपियनांवर कडक टीका केली. मफसलच्या न्यायालयांचा अधिकार गोऱ्या प्रजेवरहि चालावा कीं नाहीं, असा तेव्हांचा वाद होता. त्या भाषणाचा कॅमेऱ्याशीं, भिंगाशीं किंवा रसायनाशीं काडीचाहि संबंध नव्हता. तरी मंडळांतील युरोपियन सभासद खवळले, आणि मित्रांना मंडळांतून काढून टाकण्यांत आलें. चित्राच्या पाठीवर नांव लपविण्याचा रिवाज कितीहि निःपक्षपाती असो, सभासदाच्या कातडीचा रंग त्यानें लपत नसे. आज रंगाचा प्रश्न तसा राहिला नाहीं. परंतु महागड्या कॅमेऱ्याची पेटी घेऊन येणारा सभासद पुढच्या रांगेंत बसतो आणि जुनें यंत्र उसनें आणणारा विद्यार्थी दाराशीं उभा राहतो, असें दृश्य पाहिलें म्हणजे हा प्रश्न सर्वस्वीं मिटला असेंहि म्हणवत नाहीं.

पदकांचें वेड हें मंडळांचें दुसरें जुनें दुखणें. गेल्या शतकापूर्वींच्या इंग्लंडांत तें इतकें बळावलें होतें कीं १८९२ सालीं लंडनच्या जुन्या संस्थेपासून कांहीं नामांकित छायाचित्रकार फुटून निघाले आणि त्यांनीं 'लिंक्ड रिंग' नांवाचा आपला निराळा संघ केला. पुढच्याच वर्षीं त्यांनीं जें प्रदर्शन भरविलें त्याला फ्रेंच चित्रकारांच्या धर्तीवर 'सालोन' असें नांव दिलें. तेथें पदक नव्हतें, क्रमांक नव्हता; भिंतीवर जागा मिळाली हाच मान. आज जगभर छायाचित्रांच्या स्पर्धांना सालोन म्हणतात, आणि बहुतेक सालोनांत सोन्या-चांदीच्या मुलाम्याच्या पदकांची रास पडलेली असते. शब्द राहिला आणि त्यांतील मूळचा हेतु गळून गेला, याचें याहून स्पष्ट उदाहरण शोधूं गेल्यास सांपडणें कठीण आहे.

तरीपण स्पर्धा ही वाईटच असें म्हणणें अन्यायाचें होईल. १८८७ सालीं लंडनच्या 'ॲमॅच्युअर फोटोग्राफर' या साप्ताहिकाच्या स्पर्धेंत बर्लिनमध्यें शिकत असलेल्या एका अमेरिकन तरुणानें इटलीच्या प्रवासांत टिपलेलीं चित्रें पाठविलीं. परीक्षक होते पी. एच. इमर्सन. मांडून-सजवून घेतलेल्या चित्रांचा त्यांना तिटकारा होता. त्या तरुणाच्या एका चित्रांत खेड्यांतील मुलें कशाला तरी खदखदून हंसत होतीं. त्यांतील अकृत्रिमपणा इमर्सन यांना भावला आणि त्यांनीं पहिलें बक्षीस त्यालाच दिलें. तो तरुण म्हणजे आल्फ्रेड स्टीग्लिट्झ. छायाचित्रणाला चित्रकलेच्या पंक्तींत बसविण्यासाठीं त्यानें पुढें सारें आयुष्य वेंचलें. एका परीक्षकाच्या डोळसपणाचें असें फळ येऊं शकतें. गंमत अशी कीं न्यूयॉर्कच्या ज्या 'कॅमेरा क्लब'ला स्टीग्लिट्झनें उभारी आणली, ज्याचें 'कॅमेरा नोट्स' हें त्रैमासिक १८९७ पासून १९०२ पर्यंत त्यानें चालविलें, त्याच क्लबानें १९०८ सालीं त्याला काढून टाकलें. तो न्यायालयांत गेला, त्याचें सभासदत्व त्याला परत मिळालें, आणि मग त्यानें तें आपण होऊन सोडलें. मंडळ आणि मोठा माणूस यांचा संसार क्वचितच सुखाचा होतो.

परीक्षकांचे प्रकार कोणत्याहि मुरलेल्या सभासदाला तोंडपाठ असतात. एक परीक्षक प्रत्येक चित्राचें कौतुक करतात आणि सर्वांना दहापैकीं सात गुण देऊन चहा घेऊन जातात. दुसऱ्यांना चित्र दिसतच नाहीं; भिंग कोणतें आणि त्याचें छिद्र किती उघडलें होतें एवढेंच दिसतें. तिसरे समोरच्या डोंगरावरून स्वतःच्या हिमालयाच्या प्रवासाला निघतात, ते तेथून परत येत नाहींत. चांगला परीक्षक निवाडा मागाहून देतो. आपणांस काय दिसलें तें आधीं सांगतो. 'नजर प्रथम खिडकींतल्या उजेडावर गेली, तेथून म्हातारीच्या हातांवर उतरली, आणि मग कोपऱ्यांतल्या लाल बादलीवर जाऊन अडकली' एवढेंच तो म्हणतो. बादलीचें काय करावयाचें हें मग कर्त्याला निराळें सांगावें लागत नाहीं. काटकोनांत कापलेले दोन पुठ्ठे हें अशा परीक्षकाचें आवडतें हत्यार. ते चित्रावर आडवे-उभे सरकवून तो चौकट लहान-मोठी करून दाखवितो, आणि सभागृहांतील सर्वांना एकाच चित्रांत दडलेलीं तीन-चार चित्रें दिसूं लागतात. हीं दहा मिनिटें ज्यानें एकदां अनुभविलीं त्याचा दुसऱ्या दिवशींचा कॅमेरा निराळ्या जागीं उभा राहतो.

विषय आधीं जाहीर करून चित्रें मागविण्याची रीतहि फार उपयोगी आहे. 'पाऊस' असा विषय निघाला कीं निम्म्या चित्रांत छत्र्या येणार हें ठरलेलें. पण एकादाच सभासद उंबऱ्याबाहेर ओल्या चपलांची रांग पाहतो. 'जिना' या विषयावर चाळींतल्या मुलाला जें सुचेल तें बंगल्यांतल्या माणसाला सुचणार नाहीं. महिनाभर डोक्यांत एक शब्द घेऊन आपल्याच गल्लींतून हिंडणें हा डोळ्यांचा व्यायाम आहे. त्यासाठीं काश्मीरला जावें लागत नाहीं. दुर्दैवानें मंडळांत जों जों पदकांची भाषा वाढते तों तों हा घरगुती विषय मागें पडतो आणि बक्षीस हटकून मिळवून देणारे विषय पुढें सरसावतात.

ते कोणते हें सांगावयास ज्योतिषी नको. दिवे घाटांतील पालखीचें तें प्रसिद्ध वळण, सोमवती अमावास्येला जेजुरीच्या पायऱ्यांवर उधळलेला भंडारा, काशीच्या घाटावरची पहांटेची नाव, सुरकुत्यांनीं भरलेला फेटेवाला म्हातारा, आणि चोंचींत मासा धरलेला खंड्या. दोष या विषयांचा नव्हे. दिवे घाटांत दरवर्षीं नवीं माणसें चालत असतात; त्यांचे पाय, त्यांचीं ओझीं, त्यांच्या पदरांतून निथळणारें पाणी हें सर्व नवें असतें. परंतु मागें ज्या उंचवट्यावरून घेतलेल्या चित्राला सुवर्णपदक मिळालें तो उंचवटा पहांटेपासून अडविलेला असतो, आणि तेथें उभे असलेले कॅमेरे वारकऱ्यांकडे पाहत नसून मागच्या वर्षाच्या त्या चित्राकडे पाहत असतात.

याहून गंभीर गोष्ट मंडळाच्या सहलींत घडते. एका खेड्यांत वीस सभासद उतरतात. वीस भिंगें एका म्हातारीच्या चुलीभोवतीं गोळा होतात. कोणी तिला धूर वाढविण्यासाठीं फुंकर घालावयास सांगतो, कोणी पदर सारखा करावयास, कोणी इकडे पाहावयास. ती घरच्या पाहुण्यांना नाहीं म्हणावयाचें नाहीं म्हणून सर्व करते. पुढें तिचें चित्र देशोदेशींच्या भिंतींवर लागतें, कर्त्याच्या नांवापुढें मान चढतो, आणि तिला त्यांतलें कांहींच कळत नाहीं. ज्याचें चित्र घेतलें त्याला त्याची एक प्रत नेऊन द्यावी, एवढा साधा नियम प्रत्येक मंडळाच्या घटनेंत असावयास काय हरकत आहे? वीस जणांनीं एका दारांत न जातां दोघादोघांनीं निरनिराळ्या वाटा धराव्या, असाहि नियम असावा. चित्रें त्यानेंच अधिक चांगलीं येतील.

आजच्या स्पर्धांच्या व्यवस्थेंतहि या हांवेला बरेंच खतपाणी मिळतें. मुंबईंत १९३७ सालीं 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया' स्थापन झाली. १९५० सालीं स्वित्झर्लंडमधील बर्न येथें छायाचित्र-मंडळांचा आंतरराष्ट्रीय संघ 'फियाप' उभा राहिला. १९५३ सालीं भारतांतील मंडळांचा 'फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी' हा संघ निघाला. या संघांच्या मान्यतेनें भरणाऱ्या सालोनांत बहुधा तीन परीक्षक एकाच वेळीं गुण देतात. बेरीज ठराविक मर्यादेच्या वर गेली तर चित्र स्वीकृत. ठराविक संख्येनें स्वीकृति जमल्या म्हणजे नांवापुढें पदवी लावतां येते. यांत स्वतः वाईट असें कांहीं नाहीं. दूरच्या गांवीं एकट्यानें काम करणाऱ्याला आपली पायरी कळावयास हा मार्ग बरा आहे. पण एकाच प्रवेशशुल्काच्या पोटीं चार-पांच सालोनांची मालिका गुंफली जाते, तींच चार चित्रें पांच ठिकाणीं फिरून वीस स्वीकृति आणतात, आणि सभासद चित्रें मोजण्याऐवजीं स्वीकृति मोजूं लागतो. अशा स्पर्धेंतून चित्र परत येतें तें एका आंकड्यासह. बारा कां मिळाले आणि पंधरा कां मिळाले नाहींत, हें त्या आंकड्यांतून उमगत नाहीं.

याच्या उलट टोकाची एक पद्धत एके काळीं टपालानें चालत असे, आणि तिची आठवण ठेवण्यासारखी आहे. एका पेटींत प्रत्येक सभासदानें आपलें एक छायाचित्र ठेवावयाचें. ती पेटी एका गांवाहून दुसऱ्या गांवीं सभासदांच्या घरीं फिरे. प्रत्येकानें इतरांच्या चित्रांवर आपला अभिप्राय सोबतच्या कागदावर सहीनिशीं लिहावयाचा. पेटी फिरून आपल्या घरीं आली कीं जुनें चित्र अभिप्रायांसकट काढून घ्यावयाचें आणि नवें घालावयाचें. संयुक्त प्रांतांत असें एक टपाल-मंडळ होतें. काशीजवळ रामनगर येथें जन्मलेल्या मनोबीना आणि देवलीना या जुळ्या बहिणी त्याच्या सभासद होत्या. त्यांचे वडील शिक्षक आणि स्वतः हौशी छायाचित्रकार. त्यांनीं मुलींच्या बाराव्या वाढदिवशीं दोघींना एकेक कॅमेरा दिला. हा १९३१ सालचा सुमार. त्या काळीं मुलींना रात्रीच्या सभांना जाणें, पुरुषांच्या घोळक्यांत उभें राहून चित्रें घेणें हें सोपें नव्हतें. टपालाच्या पेटीला मात्र उंबरा अडवीत नव्हता. पेटी उघडणाऱ्याला चित्र दिसे आणि त्याखालील नांव दिसे, एवढेंच. मनोबीना पुढें चित्रपट-दिग्दर्शक बिमल रॉय यांच्या पत्नी म्हणून मुंबईंत आल्या आणि कॅमेरा त्यांनीं सोडला नाहीं; देवलीना मजुमदार यांनींहि आपली कला जोपासली. आज टपालाची गरज नाहीं. पण सहीनिशीं चार ओळी लिहिण्याची शिस्त आज फोनवर एका क्षणांत चित्र पोंचविणाऱ्या मंडळांनीं आणली, तर त्यांच्या सभासदांना पदकांहून अधिक कांहीं मिळेल.

आतां तो जोडकामाचा वाद. १८५८ सालीं इंग्लंडांत हेन्री पीच रॉबिन्सन यानें मरणोन्मुख मुलीचें एक चित्र प्रदर्शनांत मांडलें. तें पांच निरनिराळ्या कांचांवरून एकत्र जुळविलेलें होतें. लोक हळहळले, आणि तें जुळविलेलें आहे हें कळल्यावर कांहीं जण रागावले. तेव्हांपासून आजपर्यंत हा राग अधूनमधून उसळतच असतो. लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाच्या वन्यजीव स्पर्धेंत २००९ सालचें सर्वोच्च बक्षीस रात्रीं फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या चित्राला मिळालें. पुढच्या वर्षाच्या आरंभीं तें काढून घेण्यांत आलें, कारण तो लांडगा पाळीव असावा असा परीक्षकांचा निष्कर्ष झाला. छायाचित्रकारानें तो आरोप नाकारला. निसर्गचित्रांत कांहीं घालूं नये, कांहीं काढूं नये, पाळीव किंवा कोंडलेलें जनावर वन्य म्हणून दाखवूं नये, अशा आशयाची समान व्याख्या आंतरराष्ट्रीय संस्थांनीं २०१५ पासून अंमलांत आणली. तिच्यामागें अशा अनेक प्रसंगांचा ताप आहे.

एप्रिल २०२३ मध्यें याहून नवल घडलें. सोनी जागतिक छायाचित्र पुरस्कारांतील एका विभागाचें बक्षीस बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंताला मिळालें, आणि त्यानें तें घेण्याचें नाकारलें. चित्र कॅमेऱ्यानें घेतलेलेंच नव्हतें. संगणकाच्या कृत्रिम बुद्धीकडून तें निर्माण करविलेलें होतें. स्पर्धा असल्या चित्रांसाठीं सज्ज आहेत काय, हें पाहण्याकरितां तें पाठविलें, असें त्यानें सांगितलें. २०२४ सालीं याचा अगदीं उलटा प्रकार झाला. कृत्रिम बुद्धीच्या चित्रांसाठींच असलेल्या एका विभागांत माइल्स ॲस्ट्रे यानें रोहित पक्ष्याचें खरें छायाचित्र पाठविलें. पक्ष्यानें मान पोटाखालीं वळवून घेतल्यामुळें तो बिनडोक्याचा दिसत होता. त्याला बक्षीस मिळालें, आणि चित्र खरें आहे असें कळल्यावर तें रद्द करण्यांत आलें!

मोठ्या स्पर्धांना अशा वेळीं कॅमेऱ्यांतील मूळ, संस्कार न झालेली प्रत मागवून तपासावी लागते. लहान मंडळाजवळ त्याहून जुनें साधन आहे. तेथें कर्ता समोर बसलेला असतो. 'हें कोठें घेतलें, किती वाजतां, उजेड कोणत्या बाजूचा होता' असें शेजाऱ्यानें सहज विचारलें म्हणजे खऱ्या चित्राचा कर्ता उत्साहानें अर्धा तास बोलतो. यंत्राकडून चित्र करवून आणणाऱ्याला हा अर्धा तास जड जातो. शिवाय जोडकाम करणें हा गुन्हा नव्हेच. त्याचा विभाग निराळा ठेवावा आणि तसें चिठ्ठीवर लिहावें, म्हणजे झालें. रॉबिन्सनचें चित्र आजहि पाहण्यासारखें आहे. कोणी न सांगतां केलेलें जोडकाम मात्र शेजारच्या प्रामाणिक चित्राचें बक्षीस हिरावतें, आणि मंडळांतील परस्परांवरचा विश्वास एकदां गेला कीं तो नवा पेला ठेवून परत येत नाहीं.

मंडळाला करतां येण्यासारखें आणखी एक काम आहे, आणि त्याला परीक्षकाची गरज नाहीं. तें म्हणजे आपल्या गांवाची नोंद. १८६२ पासून मुंबईच्या किल्ल्याचा तट आणि त्याच्या वेशी पाडल्या गेल्या. त्या कशा दिसत हें आज सांगणाऱ्या साधनांत त्या पिढीचीं छायाचित्रें आहेत. १९८२ च्या संपानंतर गिरणगांवच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या, आणि त्यांच्या चिमण्यांच्या जागीं उंच इमारती आल्या. त्यापूर्वीं एकाद्या हौशी सभासदानें स्पर्धेसाठीं चिमणीमागचा सूर्यास्त टिपला असेल, तर आज त्या चित्रांतील सूर्यास्ताकडे कोणी पाहत नाहीं. सर्व जण चिमणी पाहतात, आणि तिच्या पायथ्याशीं अजाणतां आलेलें चहाचें दुकान पाहतात. परीक्षकानें कदाचित् तें दुकान कापून टाकावयास सांगितलें असेल.

म्हणून वर्षाच्या बारा स्पर्धांपैकीं एक तरी मंडळानें एका रस्त्यासाठीं राखून ठेवावी: बाजारपेठ असो, नदीचा घाट असो, कीं स्टेशनासमोरचा चौक. प्रत्येक सभासदानें त्याच रस्त्यावरचें एक दार, एक दुकान, एक माणूस घ्यावा. गुण देऊं नयेत. सर्व चित्रें एका पेटींत ठेवून ती गांवच्या वाचनालयाकडे सोंपवावी. संगणकावर ठेवणाऱ्यांनीं चित्राच्या नांवांतच जागा व तारीख घालावी, आणि दोन प्रती दोन घरीं ठेवाव्या. कागदावर छापणाऱ्यांनीं पाठीवरचा स्पर्धेचा अनुक्रमांक खोडून तेथें रस्त्याचें नांव, दिवस आणि चित्रांतील माणसाचें नांव, त्याची संमति असल्यास, लिहावें. मात्र तें मऊ पेन्सिलीनें आणि कडेला लिहावें. शाई कालांतरानें पुढच्या बाजूस उमटूं शकते.